उरलेलं अर्धं सूत्र

दोहा, शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

गिरीश,

तुझा मेल आला. ‘संस्थेच्या वतीने आपणांस विनंती करण्यात येते की’ हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. सात वर्षांनी तू बोललास, आणि तेही कर्मणी प्रयोगात. गजेंद्रला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “विनंती कोण करतंय, ते कुठे लिहिलंय?” मी म्हटलं, तेच तर त्याचं कौशल्य.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं आहेस आणि संस्थेच्या मेलवर अख्खी समिती वाचते, म्हणून हे हातानं लिहिलेलं पत्र. आमच्या ऑफिसातली तेजश्री उद्या पुण्याला निघाली आहे. इथे कुणी गावी निघालं की आम्ही सगळे त्याच्या सामानावर गिधाडांसारखे नजर ठेवतो. तिच्या बॅगेत माझा हक्काचा कोपरा आहे. त्यात गुरुजींसाठी खजूर आणि तुझ्यासाठी मी.

मुद्द्यावर येते. गुरुजींनी, धुंडिराजशास्त्रींनी, निम्मं आयुष्य घालून केलेला धर्मसूत्राच्या भाष्याचा मराठी अनुवाद जानेवारीत त्यांच्या वाढदिवसाला निघतोय, हे वाचून खरंच बरं वाटलं. नव्वदी ओलांडलेल्या, डोळे गेलेल्या माणसाच्या हातात त्याचं पुस्तक ठेवायचं, याहून चांगलं काम तुझ्या संस्थेनं केलेलं नाही. मूळ ग्रंथ संपादून छापणारे जर्मन पंडित ग्रुनेल यांचं चरित्र मी प्रस्तावनेत लिहावं म्हणतोस. हो म्हणते. आपल्यापैकी जर्मन मला जास्त येतं, हे तू एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लेखी कबूल केलंस. फ्रेम करून लावणार आहे.

गंमत बघ. ‘प्रस्तावना नंतर, आधी मूळ,’ असं गुरुजींनी आपल्याला पाठशाळेत शिकवलं. ग्रुनेलच्या जाड ठोकळ्याची पहिली पानं उघडायचीही आपल्याला मुभा नव्हती. सूत्र पाठ म्हणताना मध्येच अडलं की ते ‘चुकलं’ म्हणत नसत. मान खाली घालून सुपारी कातरता कातरता नुसतं ‘पुढे?’ म्हणत. हमद पोर्टवर कंटेनरच्या सुरक्षेच्या सूचना लिहितानाही मी अर्ध्या वाक्यावर थांबले की मला तो अडकित्ता ऐकू येतो. आणि आता मलाच प्रस्तावना लिहायची आहे.

बाकी ठीक. तुमच्या सोसायटीतला आमचा फ्लॅट अजून बंदच आहे. गजेंद्र दर महिन्याला मेंटेनन्स भरतो आणि बायकोकडे बघतो.

चारू (स्वतःच्या वतीने)


दोहा, १४ नोव्हेंबर

गिरीश,

तेजश्री अजून परत आलेली नाही, म्हणजे पहिल्या पत्राचं काय झालं ते मला माहीत नाही. तरी लिहितेय. चैन पडत नाही.

गुरुजींच्या प्रतीची माझी झेरॉक्स आहे, ती अप्पा बळवंत चौकात बांधून घेतलेली, कणा सुटलेली. ती १९३८ची, दुसरी आवृत्ती. चरित्र लिहायचं तर पहिली आवृत्ती बघावी म्हणून मी इंटरनेटवर शोधलं. कुणीही शोधलं असतं तरी सापडली असती. १९२९ची, सुरेख स्कॅन केलेली. आणि मुखपृष्ठावर ग्रुनेलच्या खाली, त्याच टायपात, दुसरं एक नाव: ‘शब्दसूचीसह. सूची: डॉ. एल्झा मार्कुस.’

आपली सूची, गिरीश! आपण जिला ‘ग्रुनेलची सूची’ म्हणायचो, जिच्या आधारावर आपण परीक्षा पास झालो, जिच्यात एकेका शब्दाखाली सूत्रं अर्धीमुर्धी न देता पूर्ण दिलेली आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी तू जिला नमस्कार करायचास. तो नमस्कार चुकीच्या पत्त्यावर जात होता. सूची एका बाईनं केली होती. माझ्या झेरॉक्समध्ये तिचं नाव नाही. सूची तीच, पानं तीच, छपाईतला ‘ऋ’ फुटलेला तोही तोच. फक्त नाव गेलं.

कारण शोधायला फार अक्कल लागत नाही. ती ज्यू होती. १९३३ साली कायदा आला, ज्यू प्राध्यापकांना सरकारी नोकरीतून काढलं. तिच्याच विद्यापीठानं आता आपल्या संकेतस्थळावर कुणाकुणाला घालवलं ते नावासकट दिलं आहे. सगळं उघड आहे. उघड असलेलं वाचायला आपल्याला सत्त्याऐंशी वर्षं का लागली, हा वेगळा विषय.

मी हे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचते. कुणी मागून गेलं की टॅब झाकते. सप्टेंबरात इस्रायलनं या शहरात हल्ला केला त्या दुपारी आमच्याही काचा हादरल्या होत्या, रोज गाझाच्या बातम्या आहेत, आणि माझ्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात तो एकच शब्द, ज्यू. कुणी काही म्हणालं नसतं. मीच झाकत होते. शेजारच्या टेबलावरचा उमैर, कराचीचा, माझ्याहून लहान, मला ‘आपा’ म्हणतो. त्यानं पकडलंच. “आपा, इस मौसम में ये किताब?” मी सांगितलं, नव्वद वर्षांपूर्वीची बाई आहे, संस्कृतची सूची करायची. तो नुसतं ‘अच्छा’ म्हणाला आणि चहा आणायला गेला. माझ्यासाठी आणला नाही. नेहमी आणतो.

घरी ईशाला सांगितलं. माझ्या पोटची मुलगी, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतच. “आई, इट्स जस्ट ॲन इंडेक्स.” मी तिला म्हटलं, तुझ्या शाळेच्या प्रोजेक्टवरून तुझं नाव काढते, मग बोलू. ती म्हणाली, “दॅट्स डिफरंट.” तिला दार लावून बसायची सवय आहे, पण या वेळी दार उघडं ठेवून गेली.

एल्झाबद्दल आणखी आहे. ते नंतर लिहीन.

चारू


दोहा, २१ नोव्हेंबर

गिरीश,

तेजश्री परतली. खजूर पोचले, गुरुजींनी दोन खाल्ले, तू पत्र घेतलंस आणि ‘बरं’ म्हणालास. एवढा वृत्तांत तिनं दिला. ‘बरं कसं म्हणाला?’ असं मी विचारलं तर म्हणाली, “चारूताई, बरं म्हणजे बरं.” आयटीतल्या मुलांना स्वरभेद कळत नाही. सध्या गावी कुणी निघालेलं नाही, म्हणून मागचं पत्र आणि हे, दोन्ही एकत्र कुरियरनं.

आता वाच. बसून वाच.

मी १९३८ची ती मनाई असलेली प्रस्तावना वाचली. पहिल्यांदाच. ग्रुनेल मला राक्षस वाटेल अशी अपेक्षा होती, म्हणजे सोपं झालं असतं. तसं काही नाही. माणूस सभ्य आहे. टीपा चोख, कुणावर आरडाओरडा नाही. त्या वेळी तिथलं सरकार प्रत्येकाकडून आजी-आजोबांपर्यंत वंशाचा दाखला मागत होतं. दाखला नसेल तर नोकरी नाही, लग्न नाही, पुढे तर जगायलाही जागा नाही. ग्रुनेल शांतपणे लिहितो की यात नवीन काही नाही, प्राचीन आर्यही कुलपरीक्षा करत. आणि पुरावा म्हणून भाष्यातलं ते सूत्र देतो: ज्याचं कुळ ठाऊक नाही त्याला पंक्तीत बसवू नये.

इथे पूर्णविराम.

गिरीश, डोळे मीट आणि म्हण. पाठ आहे तुला. ‘पंक्तीत बसवू नये.’ पुढे?

पुढे आहे: पण जेवणवेळी जो दाराशी आला त्याला कुळ विचारू नये, आधी वाढावं.

त्यानं अर्धं तोडलं. चुकून नव्हे. एवढ्या मोठ्या ग्रंथात हे सूत्र त्याला सापडलं कुठे, सांग? मी सूची उघडली. ‘कुल’ या शब्दाखाली आहे ते, पूर्ण, दोन्ही अर्ध्यांसकट, ‘अतिथि पाहा’ अशी खूणही केलेली. तिनंच त्याला वाट दाखवली होती. पाच वर्षांपूर्वी जिला खोलीतून बाहेर काढलं, तिच्याच सूचीत बोट घालून त्यानं ते वाक्य शोधलं, तिला बाहेर काढणं किती शास्त्रशुद्ध होतं ते सिद्ध करायला. मग तिचं नाव पुसलं. त्या आवृत्तीचं एक परीक्षणही मी वाचलं. परीक्षक लिहितो, ‘सूची यंत्रासारखी अचूक आहे.’ त्यालाही ठाऊक असणार ती कुणी केली. माणसाचं नाव घेता येईना, म्हणून यंत्राचं घेतलं.

मी फेऱ्या मारतेय. आमच्या मुऐदरच्या घराला फेऱ्या मारण्याएवढी जागा नाही, एका व्हिलाचे पाच तुकडे केलेत त्यातला हा एक. म्हणून गल्लीत मारते. कोपऱ्यावरच्या बकाल्यातला दुकानदार विचारतो, मॅडम, कुछ खो गया?

मला सारखं वाटतं, त्याला तिचा द्वेष नसावा. इतकी वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेल्या आपल्या विषयाला अचानक गिऱ्हाईक मिळालं, आणि केवढं! मंत्रालय विचारतंय, जुन्या ग्रंथांत काय म्हटलंय, पंडितजी सांगा. संस्कृतवाल्याला असं कुणी विचारलं की तो काय काय देऊन टाकेल.

आता ते बोलते, ज्याच्यावरून आपण बोलत नाही. आमचा फ्लॅट मी डॉ. माहनूरला द्यायचं ठरवलं होतं, सोलापूरची, दातांची डॉक्टर, पहिलीच नोकरी. सोसायटीच्या कमिटीला नको होतं, पण तसं लिहायची लाज होती. म्हणून ते तुझ्याकडे आले. तुला पुढची खुर्ची दिली, चहा दिला. आणि तू ‘पंक्तिशुद्धी आणि सहनिवास’ असं टिपण लिहून दिलंस, ते लॅमिनेट होऊन लिफ्टशेजारी लागलं. मीटिंगला मी इथून स्पीकरवर होते. नुसती भांडले. तळटीप बघायचं सुचलं नाही.

काल बघितली. तुझ्या त्या टिपणाचा फोटो अजून फोनमध्ये आहे. सूत्र अर्धंच आहे. तळटीप: ग्रुनेल, प्रस्तावना, १९३८.

आपल्यापैकी एकानं तरी ती प्रस्तावना वाचली होती म्हणायची.

चारू


दोहा, ५ डिसेंबर

गिरीश,

तुझा मेल. या खेपेला कर्तरी प्रयोग, अभिनंदन. रागाला निदान कर्ता असतो.

तू म्हणतोस, ‘तुलना करताना लाज वाटली पाहिजे. तिथे लाखो माणसं मारली, इथे एका भाडेकरूला फ्लॅट मिळाला नाही.’ बरोबर आहे. तुलना मी करत नाहीये. एक अर्धं सूत्र तिथून निघून कोथरुडच्या लिफ्टशेजारी कसं पोचलं, एवढीच वाट मी दाखवतेय. ती वाट मी बांधलेली नाही, तुझ्या तळटिपेत आहे.

तू म्हणतोस, ‘शिवाय आम्ही तर ज्यूंचे मित्रच आहोत. दोह्यात बसून तू मला हे शिकवावंस?’ गिरीश, ज्यूंचा मित्र होणं तुला सोपं आहे, ते लांब राहतात. माहनूर दुसऱ्या मजल्यावर राहणार होती.

हे लिहून मी जराशी हसले, मग पेन खाली ठेवलं. कारण मलाही ते सोपंच आहे. एल्झा नव्वद वर्षं लांब आहे. उमैर शेजारच्या टेबलावर आहे, आणि त्याला मी तीन आठवडे काहीच धड सांगितलेलं नव्हतं. परवा सांगितलं. अर्ध्या सूत्राचं, पुसलेल्या नावाचं, सगळं. तो ऐकत होता. म्हणाला, “आपा, सितंबर में मेरे बच्चे स्कूल में थे. दो घंटे तक लाइन नहीं लगी. मुझसे आज किसी यहूदी के लिए रोया नहीं जाएगा.” मी म्हटलं, रडायला कुणी सांगितलंय. त्यानं स्क्रीनकडे बघतच विचारलं, “बच्चे थे उनके?” मी म्हटलं, नाही, आई होती. तेवढंच बोलणं झालं. काल चहा आणला. साखर जास्त होती, तो राग असावा.

आणि आता तुझं तिसरं, खरं म्हणणं. ते मात्र मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘गुरुजी त्याला पाणी देतात, चारू.’ आठवतं. दर पितृपंधरवड्यात आचार्यांच्या तर्पणात शेवटी ग्रुनेल. गोत्र माहीत नाही म्हणून काश्यप. आपण पोरं मागे उभी राहून खुदखुदायचो, काश्यपगोत्री ग्रुनेल! तू विचारतोस, ज्याला चाळीस वर्षं तिळांचं पाणी दिलं तो असा होता, हे या वयात, पुस्तक हातात पडायच्या आधी, तूच त्यांना सांगणार का? जानेवारीपर्यंत पोटात ठेव. नंतर पुढच्या आवृत्तीत काय ते बघू.

तू हे प्रेमानं म्हणतोस, हे मला कळतं. म्हणून चिडताही येत नाही, हा तुझा जुना डाव आहे. पण पुढची आवृत्ती निघणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पुस्तक एकदाच निघेल, त्यावर ग्रुनेलचा फोटो असेल, आणि आपण तिचं नाव दुसऱ्यांदा पुसलेलं असेल. पहिल्यांदा पुसणाऱ्यावर निदान सरकार होतं. आपल्यावर कोण आहे?

प्रस्तावना सोबत जोडली आहे. चार पानं. ग्रुनेलचे कष्टही लिहिलेत, ते खोटे नव्हते. एल्झाचं नाव, दोन्ही आवृत्त्या, सूत्र, दोन्ही अर्धी. तुझ्या टिपणाचा उल्लेख केलेला नाही. तो तुझा विषय.

छापायचं तर पूर्ण छाप. नाही तर छापू नकोस, माझ्या नावाशिवाय तूच लिही. नाव काढायची पद्धत आपल्याकडे आहेच.

चारू


दोहा, १९ डिसेंबर

गिरीश,

प्रुफाची पीडीएफ मिळाली. छान झालंय पुस्तक. टाइप मोठा आहे.

माझी प्रस्तावना पावणेदोन पानांची निघाली. ग्रुनेलचं बालपण आहे, त्याचे कष्ट आहेत, एल्झा ‘सूचीच्या कामात साहाय्य करणाऱ्या एक विदुषी’ म्हणून अर्ध्या ओळीत येऊन जाते, आणि शेवटचं वाक्य आहे, ‘१९३८ साली ग्रुनेल यांनी दुसऱ्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडली.’ पूर्णविराम. खाली माझं नाव. सोबत तुझी चिठ्ठी: फर्मा भरला, जास्त पानांना जागा नाही.

अर्ध्यावर तोडण्यात तुझा हात चांगला बसलाय.

मी गुरुजींना फोन केलेला नाही. म्हणजे केला होता, परवा, पण गुडघ्यांबद्दल बोलले. त्यांनी विचारलं, “प्रस्तावना झाली का गं?” मी म्हटलं, हो. “पुढे?” म्हणाले, सवयीनं. मी म्हटलं, पुढे काही नाही, थंडी चांगली आहे इथे. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. तुझं म्हणणं तेवढ्यापुरतं मला पटलं असावं.

गजेंद्र म्हणतो, सोड, खलास. ईशा म्हणते, पोस्ट इट ऑनलाइन. दोघंही बरोबर आहेत आणि दोघांचंही ऐकवत नाही. आज सुट्टी आहे, सकाळपासून तीनदा कपाट आवरलं. तेच कपाट.

माझं नाव त्या प्रस्तावनेखालून काढ. हे भांडण म्हणून लिहीत नाही. वाक्य माझं नाही, म्हणून.

चारू


दोहा, शुक्रवार, २ जानेवारी २०२६

प्रिय गिरीश,

काल तुझा आवाज फोनवर ऐकला तेव्हा मी बंदराच्या फाटकाशी बसमध्ये होते. नाव दिसलं आणि पहिला विचार आला तो गुरुजींचाच. तुला ‘गेले का?’ असंच विचारलं ना मी? तू हसलास. तू हसताना नाकातून आवाज येतो, ते मी सात वर्षांत विसरले होते.

तू सांगितलंस ते सगळं मी ईशाला आणि गजेंद्रला सांगितलं, आणि आता पुन्हा तुलाच लिहितेय. नीट ऐकलं की नाही ते तपास. आपली सवय.

गुरुजी प्रुफं कानांनी तपासतात, हे मी विसरलेच होते. तू वाचायचं, त्यांनी ऐकायचं, आणि कुठे काही गळलं की हात वर. सूत्रं संपली, टीपा संपल्या, मग गुरुजी म्हणाले, “आता प्रस्तावना.” तू वाचलीस. पावणेदोन पानं. शेवटच्या वाक्याला ते म्हणाले, “पुढे?”

“संपली, गुरुजी.”

“छे. चारूचं वाक्य असं संपत नसतं. तिला शेपटी असते. पुढे?”

इथे मी बसमध्ये मोठ्यानं हसले. पुढच्या सीटवरच्या फिलिपिनो मुलीनं वळून बघितलं.

आणि तू उठून माझी चार पानं काढलीस आणि वाचलीस. हे तू न करताही चाललं असतं, गिरीश. त्यांना दिसत नाही. ‘फर्मा भरला’ म्हणाला असतास तर त्यांनी मान डोलावली असती. तू वाचलीस. बाकी काही म्हण, हे मी लक्षात ठेवणार आहे.

ग्रुनेलनं तोडलेल्या जागी तू थांबलास तेव्हा त्यांनी ‘पुढे?’ म्हटलं नाही. स्वतःच उरलेलं अर्धं म्हटलं, स्वरात. मग पाणी मागितलं. मग म्हणाले, “तुझ्या त्या सोसायटीच्या कागदात पूर्ण दिलं होतंस का रे?” त्यांना तो कागद माहीत होता! तू म्हणालास, “अर्धं.” आणि ते नुसतं ‘हं’ म्हणाले. तू म्हणतोस, ओरडले असते तर बरं झालं असतं. मी समजू शकते. मी त्या ‘हं’च्या हाताखाली सहा वर्षं शिकले आहे.

तर आता वाढदिवसाला पुस्तक नाही. मुखपृष्ठ नव्यानं जुळवायचं, तिच्या नावासकट, त्याच टायपात. प्रस्तावना चारही पानं. ते म्हणाले, “माझ्या हातात पडलं नाही तरी चालेल, मला तसंही दिसणार नाहीये.” त्यांची थट्टा अशीच असते. पण या वाक्यापाशी तुझा आवाज बदलला, आणि माझाही. नव्वदीपुढच्या माणसाला दोन महिने थांबवणं म्हणजे काय ते आपल्या दोघांनाही कळतं. मला तसं करायला लावायचं होतं का, हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारणार आहे. तू विचारू नकोस.

आणि तर्पणाचं. ग्रुनेलचं पाणी थांबवायचं नाही म्हणाले. “पाणी शिक्षा म्हणून बंद करत नाहीत. पण तिचं नाव आधी. आणि तिच्या लोकांत हे चालतं का, ते आधी विचारा. चारूला विचारा, तिचं पुढे काय झालं.”

तर पुढे.

मला ते पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं. ‘नंतर लिहीन’ म्हणत राहिले आणि लिहिलं नाही, प्रस्तावनेतही नाही. कारण सांगते. ते लिहिलं असतं तर तू एका ओळीत गप्प झाला असतास आणि मी भांडण जिंकले असते. तिच्या मरणावर मला जिंकायचं नव्हतं. तिचं काम पुरेसं होतं.

नोकरी गेल्यावर ती आईबरोबर त्याच गावात राहिली. शाळेतल्या ज्यू मुलांना लॅटिन शिकवायची. पुढे शाळाही बंद झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायला बंदी होती, म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याकडून पुस्तकं मागवून ती दुसऱ्या एका भाष्याची सूची करत होती. कुणी सांगितलेली नव्हती, कुणी छापणार नव्हतं. आई वारली. १९४१च्या शरदात तिला आणि गावातल्या उरलेल्या ज्यूंना सकाळी, उजेडात, मुख्य रस्त्यानं चालवत स्टेशनवर नेलं. दुकानं उघडी होती. तिथून गाडी पोलंडात लॉड्झला, ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत. संकेतस्थळावर लॉड्झनंतर एकच ओळ आहे: पुढील माहिती उपलब्ध नाही. ग्रुनेल पलीकडच्याच रस्त्यावर राहायचा. युद्धानंतर पुन्हा प्राध्यापक झाला, मानानं निवृत्त झाला, आणि आपल्या गुरुजींच्या पत्राला त्यानं फार सौजन्यानं उत्तर दिलं होतं.

उमैरला हे आज फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “नाम क्या बताया था?” मी सांगितलं. त्यानं ते एकदा म्हणून बघितलं, ‘एल्झा’तला ‘झ’ त्याला माझ्याहून चांगला जमतो.

माहनूरचं विचारलंस. तिनं सोलापुरात स्वतःचं घर आणि दवाखाना केलाय, ती आता येणार नाही, आणि आपण बोलावलं म्हणून यावं असं तिला का वाटावं. तू टिपण लिफ्टशेजारून काढलंस म्हणतोस. मग त्या जागी काही लावू नकोस, उरलेलं अर्धं सूत्रसुद्धा नको. भिंत जरा रिकामी दिसू दे.

राहिलं तिच्या लोकांना विचारायचं. ते मला दोह्यात बसून करता येणार नाही, आणि तुला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे, पाठशाळेपासून रिक्षानं दहा मिनिटं. मराठी बोलणारी माणसं आहेत, तुझ्या-माझ्याहून आधीपासून इथली. आपण किती वेळा त्या रस्त्यानं गेलो, कधी विचारलं नाही आत कोण असतं. तू जा. शनिवारी जाऊ नकोस, त्यांचा शब्बाथ असतो. संस्थेच्या वतीने जाऊ नकोस. सांग, आमच्या एका गुरूंना एका बाईचं नाव घ्यायचंय, तिचं मागे कुणी नाही, तुमच्यात काय करतात. ते सांगतील तसं करायचं. नको म्हणाले तर नको.

आणि तळटीप देऊ नकोस, गिरीश. नुसतं नाव सांग, पूर्ण. त्यांच्यातलं कुणी ‘पुढे?’ म्हणालं तर लॉड्झपर्यंत सांग आणि थांब. तिथे थांबलास तर चालेल. तिथे कुणी तोडलेलं नाहीये, तिथे खरंच पान कोरं आहे.

तुझी गुरुभगिनी,
चारुलता